प्रेपची गोळी सुरू करायचीय? फॉर्म नाही, रिपोर्ट लागतात

प्रेपसाठी, म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या गोळीसाठी, अर्ज कुठे करायचा, आधार लागतं का, उत्पन्नाचा दाखला लागतो का, असं बरेच जण विचारतात. ही काही रेशनकार्डासारखी योजना नाहीये. सध्या आपल्याकडे बहुतेक लोक डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून स्वतःच्या पैशाने घेतात. नॅकोने, म्हणजे केंद्र सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेने, २०२२ साली मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती वाचलेला डॉक्टर भेटला की निम्मं काम झालं समजा. तुमच्या भागात एचआयव्हीवर काम करणारी एनजीओ असेल तर तिथे आधी विचारा, कुठला डॉक्टर न दचकता लिहून देतो हे त्यांना पक्कं माहीत असतं.

पण त्याआधी एक बघा, तुम्हाला प्रेप हवंय की पीईपी? यात लोक हमखास घोळ घालतात. प्रेप म्हणजे धोका व्हायच्या आधीपासून घ्यायची गोळी. कंडोम फाटला, सुई टोचली, जबरदस्ती झाली, म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलंय, तर पीईपी, म्हणजे धोक्यानंतर लागण टाळायला घ्यायचं औषध, आणि ते ७२ तासांच्या आत सुरू व्हायलाच पाहिजे, जितकं लवकर तितकं चांगलं, मग २८ दिवस रोज. तेव्हा हे रात्री वाचत असाल तर सकाळची वाट बघू नका, सरळ सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. तिथे फुकट पीईपी मुख्यतः ड्युटीवर सुई टोचलेल्या स्टाफसाठी आणि लैंगिक अत्याचार झालेल्यांसाठी असतं, बाकीच्यांना विकत घ्यावं लागू शकतं, पण म्हणून उशीर करू नका. अत्याचार झाला असेल तर सरकारी काय नि खाजगी काय, उपचार फुकट द्यावेच लागतात, आणि आधी एफआयआर आणा म्हणून कुणी अडवू शकत नाही. काहीच सुचत नसेल तर १०९७ वर फोन लावा, नॅकोची टोल फ्री हेल्पलाइन आहे, मराठीत बोला.

आता प्रेप. कुणाला? रिपोर्ट निगेटिव्ह आहे पण धोका चालू आहे त्यांना. म्हणजे जोडीदार पॉझिटिव्ह आहे आणि त्याचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) अजून खाली आलेला नाही, किंवा एकापेक्षा जास्त जोडीदार आहेत आणि कंडोम दर वेळी होत नाही, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, ट्रान्स व्यक्ती, सेक्स वर्कर, सुईने नशा करणारे. यातल्या कुठल्या खान्यात बसत नसाल तरी विचारायला लाजू नका. उलट जोडीदार नियमित एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) घेतोय आणि व्हायरल लोड सापडतच नाही इतका कमी आहे, तर सेक्समधून लागण होत नाही, तिथे बहुतेक वेळा प्रेपची गरजच नसते.

कागद म्हणाल तर पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे ताजा एचआयव्ही रिपोर्ट. सरकारी हॉस्पिटलमधल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) टेस्ट फुकट होते, आधी समुपदेशक बोलतो, तुमची संमती घेतो, मग रक्त. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो, हे लक्षात असू द्या. मागच्या महिन्याभरात धोका झाला असेल आणि त्यानंतर ताप, पुरळ, गाठी असं काही आलं असेल तर ते लपवू नका. लागण झालेली असताना नुसतं प्रेप सुरू केलं तर विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो, मग पुढचे उपचार अवघड.

दुसरा क्रिएटिनिन, ही किडनीची रक्ततपासणी, कारण प्रेपच्या गोळीतल्या टेनोफोविर या औषधाचा भार किडनीवर येतो. यातून वय-वजन धरून क्लिअरन्स, म्हणजे किडनी किती काम करते तो आकडा, काढतात, तो ६० च्या वर हवा. तिसरा हेपेटायटिस बी. हा लोक टाळतात आणि हाच टाळू नये, कारण ही गोळी त्या विषाणूवरही काम करते, आणि बी असलेल्याने मनानेच गोळी बंद केली तर लिव्हर एकदम बिघडू शकतं. सोबत सिफिलिस आणि हेपेटायटिस सी पण करून घ्या.

मेडिकलमध्ये स्ट्रिप घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. टेनोफोविर ३०० आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम अशी दोन्ही औषधं एका गोळीत पाहिजेत. नुसतं टेनोफोविर असलेली गोळी हेपेटायटिससाठी मिळते, नाव जवळपास सारखंच, आणि काउंटरवरचा पोरगा तीच पुढे सरकवतो, माझ्यासोबत झालंय. वर मोठ्याने विचारलं, कुणासाठी पाहिजे? म्हटलं चिठ्ठीवर नाव आहे बघ.

रोज एक, ठरलेल्या वेळी. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी होते, थोड्या आठवड्यांत जाते. गुदसंभोगात पूर्ण संरक्षण यायला साधारण ७ दिवस, योनीसंभोगात २१ धरा. नीट घेतली तर सेक्समधून लागण व्हायचा धोका जवळजवळ ९९ टक्के कमी होतो, पण सिफिलिस, गनोरिया किंवा दिवस जाणं यातलं काहीही ती थांबवत नाही. रोज न घेता सेक्सच्या आधी दोन गोळ्या आणि नंतर दोन दिवस एक-एक अशी २-१-१ पद्धत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी आहे, बायकांनी किंवा इस्ट्रोजेन घेणाऱ्या ट्रान्स व्यक्तींनी ऐकीव माहितीवर ती करू नये, हेपेटायटिस बी असेल तर मुळीच नाही.

महिन्याभराने एकदा आणि मग दर ३ महिन्यांनी एचआयव्ही टेस्ट, किडनीची तपासणी डॉक्टर सांगेल तशी. जुन्या चिठ्ठीवर वर्षभर गोळ्या देणारा दुकानदार सापडेलही, पण टेस्ट चुकवू नका. पुढच्या टेस्टची तारीख आजच मोबाइलवर अलार्म लावून ठेवा, आणि अलार्मचं नाव भलतंच काहीतरी द्या, घरात कुणीतरी वाचतंच.