मार्गाधिकार खटला (पोर्तुगाल विरुद्ध भारत)

तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या दमणहून दादरा व नगरहवेली या चहूकडून भारतीय भूमीने वेढलेल्या मुलखात जाण्यायेण्याच्या हक्कासाठी पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात २२ डिसेंबर १९५५ रोजी दाखल केलेला खटला. न्यायालयाची अधिकारिता मान्य केल्याचे घोषणापत्र पोर्तुगालने त्याआधी तीनच दिवस दिले होते. भारताच्या सहा प्राथमिक हरकतींपैकी चार २६ नोव्हेंबर १९५७ रोजी फेटाळल्या गेल्या. उरलेल्या दोन अंतिम सुनावणीत निकालात निघाल्या. अंतिम निकाल १२ एप्रिल १९६० चा.

हक्काच्या उगमाचा वाद १७७९ च्या मराठे-पोर्तुगीज तहापर्यंत जातो. या तहाने पोर्तुगीजांना दिलेली गावे ही मराठा आरमाराने पकडलेल्या जहाजाची भरपाई होती, असे साधारणपणे सांगतात. तहाच्या १७ व्या कलमाने गावांचे सार्वभौमत्व मिळाले, असे पोर्तुगालचे म्हणणे. न्यायालयापुढे या कलमाचे निरनिराळे पाठ आले. मराठ्यांना मुलूख कायमचा तोडून द्यायचा असे तेव्हा ते तसे शब्द स्पष्ट घालत, आणि इथे ते नाहीत, असे न्यायालयाला आढळले. १७८३ व १७८५ च्या सनदांवरून दिसते ते सालीना १२,००० रुपये उत्पन्नाचे सरंजाम किंवा जहागीर, म्हणजे सार्वभौमत्व नव्हे तर महसूल घेण्याचा हक्क. मराठेशाहीच्या दप्तरी परिभाषेशी हेच वाचन अधिक जुळते. ‘सरंजाम’ला सरसकट ‘प्रदेशदान’ म्हणणारी भाषांतरे म्हणूनच जपून वापरावीत.

मग हक्क आला कुठून? १८१८ नंतर इंग्रजांनी पोर्तुगीज सत्ता व्यवहारात मानली आणि सव्वाशे वर्षे ये-जा चालू राहिली. दोनच राज्यांमधली दीर्घ वहिवाटही बंधनकारक रूढी ठरू शकते, हे या निकालाचे खरे महत्त्व. अशी वहिवाट सिद्ध झाल्यावर आंतरराष्ट्रीय कायद्याच्या सर्वसाधारण नियमांकडे वळण्याची गरज न्यायालयाला वाटली नाही. पोर्तुगालचा त्यांवर आधारलेला युक्तिवाद त्यामुळे अनिर्णित राहिला.

खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांपुरता हक्क ११ विरुद्ध ४ मतांनी मान्य झाला. तोही भारताच्या नियमनाला अधीन. सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांसाठी तो ८ विरुद्ध ७ असा निसटता नाकारला गेला, कारण इंग्रज अमदानीत त्यांना दर वेळी परवानगी लागे. १९५४ मध्ये या मुलखातली पोर्तुगीज सत्ता उलथली, त्या वेळच्या तणावात भारताने वाट रोखली यात कर्तव्यभंग नाही, हे मत ९ विरुद्ध ६. यांतला एकच भाग उद्धृत केला की खटला कोण जिंकले याचे उत्तर उलटेसुलटे होते.

भारताचे तदर्थ (या खटल्यापुरते नेमलेले) न्यायाधीश महंमदअली करीम छागला होते. १९६१ मध्ये दहाव्या घटनादुरुस्तीने हा प्रदेश भारतीय संघराज्यात आला.