ब्राउनलो पदक: पात्रता कशी ठरते, मतं कोण देतं आणि नाव कुठे बाद होतं

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमधल्या, म्हणजे एएफएलमधल्या, या सर्वात मानाच्या वैयक्तिक पदकासाठी अर्ज करायचा नसतो. फॉर्म नाही, फी नाही, क्लबने नाव पाठवायचं नाही. साखळी फेरीत खेळणारा प्रत्येक खेळाडू आपोआप शर्यतीत असतो. कागद एकच, आणि तो खेळाडूच्या हाती कधीच पडत नाही: अंपायरांचं मतकार्ड.

सामना संपला की फील्ड अंपायर, म्हणजे मैदानात खेळावर नियंत्रण ठेवणारे पंच, एकत्र बसून हे कार्ड भरतात. 2023 पासून एका सामन्याला असे चार अंपायर असतात. बाउंडरी आणि गोल अंपायरांना मत नसतं. सर्वोत्तम खेळाडूला 3 मतं, त्यानंतरच्याला 2 आणि तिसऱ्याला 1. तिघेही एकाच संघाचे असू शकतात, हरलेल्या संघाचेसुद्धा. चौघांचं मिळून कार्ड एकच. ते पाकिटात बंद होतं आणि थेट मोजणीच्या रात्री उघडतं. 3-2-1 ही पद्धत 1931 पासूनची. मध्ये 1976 आणि 1977 ही दोन वर्षं तेव्हाचे दोन्ही अंपायर वेगवेगळी मतं देत, त्यामुळे 1977 चा ग्रॅहम टीसडेलचा 59 हा आकडा आजच्या आकड्यांशी ताडून पाहू नये. आत्ताच्या पद्धतीतला विक्रम 45 मतांचा, 2024 मध्ये कार्लटनच्या पॅट्रिक क्रिप्सचा. एक संघ साखळीत 23 सामने खेळतो, म्हणजे कमाल 69 मतं शक्य असतात. साखळीनंतरच्या निर्णायक सामन्यांतला, म्हणजे फायनल्समधला, खेळ यात धरलाच जात नाही.

पात्रतेची अट एकच, पण ती भल्याभल्यांना नडते. पदक ‘फेअरेस्ट अँड बेस्ट’, म्हणजे सर्वात सचोटीने खेळणाऱ्या आणि सर्वोत्तम, खेळाडूचं आहे, आणि त्यात ‘फेअरेस्ट’ आधी येतं. त्या मोसमाच्या साखळीतल्या गैरवर्तनासाठी एका सामन्याची जरी बंदी लागली, तरी खेळाडू बाद. नुसता दंड झाला तर पात्रता शाबूत राहते. म्हणून दंड आणि बंदी यांच्यातली रेघ नेमकी कुठे पडते, हे समजून घ्यायला हवं.

प्रत्येक घटनेत मॅच रिव्ह्यू ऑफिसर, म्हणजे सामन्यांतलं गैरवर्तन तपासणारा लीगचा अधिकारी, तीन गोष्टी ठरवतो: कृत्य जाणूनबुजून होतं की निष्काळजीपणाचं, आघात किती जोराचा होता, आणि तो डोक्या-मानेला लागला की अंगाला. निष्काळजीपणा, डोक्याला धक्का आणि आघात ‘लो’ असेल तर साधारणपणे दंडावर भागतं. तोच आघात ‘मीडियम’ ठरला की एक सामना बंदी, ‘हाय’ ठरला की दोन. म्हणजे एका पायरीच्या फरकाने अख्ख्या मोसमाची मतं वाया जातात. मुद्दाम मारलेला ठोसा आणि अंदाज चुकून बसलेली धडक, पदकाच्या बाबतीत दोन्हींना एकच शिक्षा, हे मात्र पटत नाही.

निर्णय मान्य नसेल तर क्लबने मुदतीत लीगच्या ट्रायब्युनलकडे (शिस्तभंगाची प्रकरणं ऐकणाऱ्या मंडळाकडे) जायचं, आणि तिथेही हरल्यास अपील्स बोर्डाकडे. अपील्स बोर्ड घटना नव्याने तपासत बसत नाही. कायद्याची चूक किंवा उघडउघड अवाजवी शिक्षा अशी ठराविक कारणंच तिथे चालतात. 2022 मध्ये ब्रिस्बेन संघाविरुद्धच्या सामन्यातल्या धडकेसाठी क्रिप्सला दोन सामन्यांची बंदी लागली आणि ट्रायब्युनलने ती कायम ठेवली. अपील्स बोर्डाने ती रद्द केली, आणि त्याच वर्षी त्याने 29 मतांनी पदक जिंकलं. दुसऱ्या क्रमांकावरच्या लॅकी नीलला 28 मतं होती.

नवख्या प्रेक्षकाचा गोंधळ इथे होतो: बंदी लागलेल्या खेळाडूलाही अंपायर मतं देतच राहतात. मोजणीत तो पुढे दिसतो, पण पदक त्याला मिळत नाही. 1997 मध्ये ख्रिस ग्रँटला 27 मतं पडली, पण एका सामन्याच्या बंदीमुळे पदक गेलं 26 मतांच्या रॉबर्ट हार्वीकडे. आदल्या वर्षी बंदी लागलेला कोरी मॅककर्नन 21 मतांवर जेम्स हर्ड आणि मायकल व्हॉस यांच्या बरोबरीने होता. पदकं मिळाली ती या दोघांनाच.

पात्रता नंतरही जाऊ शकते. 2012 चं जोब वॉटसनचं पदक त्याच्या एसेंडन क्लबच्या उत्तेजक द्रव्य प्रकरणानंतर 2016 मध्ये काढून घेतलं गेलं, आणि ट्रेंट कॉचिन व सॅम मिचेल यांना विजेते ठरवलं.

बरोबरी झाली तर 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून सगळेच विजेते धरतात. 2003 मध्ये तिघे होते. त्याआधी साधारणपणे काउंटबॅकने, म्हणजे 3 मतं जास्त वेळा कोणाला पडली ते पाहून, एकच विजेता निवडत. बरोबरी होऊनही पदक न मिळालेल्या आठ जणांना 1989 मध्ये पदकं देण्यात आली.

मोजणी ग्रँड फायनलच्या, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्याच्या, आठवड्यात सोमवारी रात्री मेलबर्नमध्ये होते. लीगचे मुख्य कार्यकारी अधिकारी फेरीमागून फेरी कार्डं वाचतात: संघ, नावाचं आद्याक्षर, आडनाव, मतं. आधी एक मत, मग दोन, शेवटी तीन. आद्याक्षराकडे कान ठेवा; कॉलिंगवूड संघाच्या ‘डेकॉस’ भावांपैकी पडद्यावर जोश बघायचा की निक, ते त्यावरूनच कळतं.