थकवा केमोचा की मनाचा?

नैराश्य ओळखायला अमेरिकेतले डॉक्टर पीएचक्यू-९ नावाची छोटी प्रश्नावली वापरतात. आपल्याकडेही ती चालते. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. गुण जितके जास्त, तितकं नैराश्य गंभीर. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी लागली? थकवा येतो का? भूक लागते का? लक्ष लागतं का? हालचाली मंदावल्यात का? आता हेच प्रश्न स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी घेणाऱ्या बाईला विचारून बघा. या पाचांची उत्तरं केमोच देऊन टाकते!

मग भिस्त उरते ती बाकीच्या चार प्रश्नांवर. उदास वाटतं का, कशात रस उरलाय का, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटतं का, जीव नकोसा होतो का. यांची खरी उत्तरं मिळायची तर समोरच्या बाईने मन उघडं करायला हवं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रीला ते विशेष जड जातं.

तिथे ‘स्ट्राँग ब्लॅक वुमन’ असा एक साचाच आहे. आपण ‘खमकी बाई’ म्हणतो ना, तसंच, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या गुलामगिरीचं आणि भेदभावाचं ओझं असलेलं. घर आपणच सावरायचं, रडायचं नाही, मदत मागायची नाही. शेरिल वुड्स-जिस्कोम्बे या संशोधिकेने २०१० मध्ये या वृत्तीची शास्त्रीय मांडणी केली. तिचा आधार वाटतो, तशी तिची किंमतही अंगावर निघते, हे या संशोधिकेला बायकांशी बोलताना दिसलं. त्यात डॉक्टरांवरचा अविश्वास. अलाबामा राज्यातल्या टस्कीगीमध्ये १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता पाहत बसलेल्या सरकारी प्रयोगाची आठवण अजून घराघरांत आहे. अशा बाईला ‘कशी आहेस?’ विचारलं, की ती ‘बरी आहे’ म्हणते आणि कागदावर कमी गुण पडतात.

या कमी गुणांची किंमत काय, हे कळायला आधी मोठं चित्र बघू. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कर्करोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमीच होतो, पण त्याने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण सुमारे ४० टक्के जास्त आहे. ‘ट्रिपल निगेटिव्ह’ हा चिवट प्रकार त्यांच्यात साधारण दुप्पट आढळतो, हे एक कारण झालं. पण हार्मोनवर वाढणाऱ्या, म्हणजे चांगली औषधं असलेल्या प्रकारातही ही दरी आहेच. सगळं खापर जनुकांवर फोडणाऱ्यांनी शिकागोकडे बघावं. तिथे १९८० च्या सुमारास दोन्ही गटांचा मृत्युदर जवळपास सारखा होता. २००३ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांचा ६८ टक्क्यांनी जास्त झाला. तेवीस वर्षांत जनुकं बदलत नाहीत. त्या काळात मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची एक्स-रे तपासणी, सुधारली, नवे उपचार आले, आणि ते कुणापर्यंत पोहोचले, कुणापर्यंत नाही, एवढाच फरक.

हार्मोनवर वाढणाऱ्या कर्करोगात टॅमॉक्सिफेनसारखी गोळी रोज, पाच ते दहा वर्षं घ्यायची असते. सांधे दुखतात, अंगातून गरम वाफा येतात, आणि समोर आजार तर दिसत नसतो. खचलेलं मन पहिल्यांदा हीच गोळी सोडतं. वेगवेगळ्या आजारांवरचे अभ्यास एकत्र मांडून २००० मध्ये केलेल्या विश्लेषणात, नैराश्य असलेल्या रुग्णांनी वैद्यकीय सल्ला न पाळण्याची शक्यता तिप्पट आढळली. म्हणजे ‘बरी आहे’ या दोन शब्दांमागे दडलेली उदासी थेट गाठीच्या बाजूने काम करू शकते.

बरं, नैराश्य ओळखलं आणि त्यावरची गोळी लिहून दिली, तरी एक मेख आहे. टॅमॉक्सिफेन स्वतः फारसं काम करत नाही. यकृतातलं सीवायपी-२डी-६ नावाचं विकर (एन्झाइम) त्याचं एंडॉक्सिफेन बनवतं, आणि खरा मारा तेच करतं. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची नेहमीची औषधं नेमकं हे विकर अडवतात. कॅनडातल्या ऑन्टॅरिओच्या नोंदींवरून २०१० मध्ये असं दिसलं, की टॅमॉक्सिफेनबरोबर पॅरॉक्सेटिन जितका जास्त काळ घेतलं, तितके कर्करोगाने होणारे मृत्यू वाढले. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांनी याला दुजोरा दिला नाही. तरी सावध डॉक्टर व्हेनलाफॅक्सिनसारखं, विकराला फारसं न छेडणारं औषध निवडतात. पण त्यासाठी कर्करोगतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ एकमेकांशी बोलायला हवेत. ज्या वस्तीत मनोविकारतज्ज्ञच नाही, तिथे कोण कुणाशी बोलणार? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांत कृष्णवर्णीय जेमतेम ५ टक्के आहेत.

मला यातलं सर्वांत आशादायक उदाहरण औषधाचं नाही, माणसाचं वाटतं. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीत शल्यविशारद हॅरॉल्ड फ्रीमन यांच्याकडे १९८६ पर्यंतच्या बावीस वर्षांत आलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांपैकी पाच वर्षं जगल्या फक्त ३९ टक्के. निम्म्या बायका आजार फार पुढे गेल्यावर आल्या होत्या. फ्रीमन यांनी तपासण्या फुकट किंवा स्वस्तात सुरू केल्या, आणि १९९० मध्ये ‘नॅव्हिगेटर’ नेमले. विम्याचे कागद भरून देणारे, पुढची तारीख मिळवून देणारे, न आलेल्या बाईला शोधून काढणारे लोक. १९९५ ते २००० मधल्या रुग्णांत पाच वर्षं जगणाऱ्यांचा आकडा ७० टक्क्यांवर गेला. पीएचक्यू-९ तेव्हा नुकतीच तयार होत होती. पण दार ठोठावून ‘काल आली नाहीस ती?’ विचारणाऱ्या माणसापुढे ‘बरी आहे’ म्हणून सुटणं तसं अवघडच.