बीसीजी आणि बाळाची उपजत प्रतिकारशक्ती

जन्मल्याबरोबर टोचलेली एखादी लस एका रोगापुरती राहत नाही, कुठलाही जंतू शिरला की सगळ्यात आधी धावून जाणाऱ्या बाळाच्या पेशींनाच ती काही महिने जास्त तयारीत ठेवते, ह्या प्रकाराला ट्रेन्ड इम्युनिटी म्हणतात. मिहाई नेटेआ ह्या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०११ साली हे नाव पुढे आणलं. ह्यात सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो बीसीजीचा, म्हणजे गोव्यात म्हापशाच्या आझिलोत, मडगावच्या हॉस्पिसियोत नाहीतर बांबोळीच्या गोमेकॉत, कुठल्याही सरकारी इस्पितळात बाळ झालं की डाव्या दंडावर देतात त्या इंजेक्शनचा. घरात कुणालाही विचारा, क्षयाची लस म्हणून सांगतील, आणि ते बरोबरच आहे, फक्त गोष्ट तिथं संपत नाही.

बीसीजी म्हणजे जिवंत पण दुबळा केलेला जंतू. कालमेट आणि गेरँ हे दोघे फ्रान्समधल्या लील शहरात १९०८ पासून गायीच्या क्षयाचा जंतू पित्तात शिजवलेल्या बटाट्यावर वाढवत बसले, दर तीनेक आठवड्यांनी नवा बटाटा, असं १३ वर्षांत २३० वेळा केलं तेव्हा कुठं त्याची रोग करायची ताकद गेली. १९२१ साली पॅरिसमध्ये पहिल्या बाळाला तो तोंडावाटे दिला. भारतात मोठी मोहीम १९५१ ला सुरू झाली, गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडं. पुढे तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूच्या चाचणीत मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या क्षयावर ही लस चाललीच नाही, पण लहान मुलांच्या मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि अंगभर पसरणारा क्षय ह्यांपासून ती चांगलं वाचवते, म्हणून ती टिकली.

आता पेशींचं. पुस्तकात आपण शिकलो की आठवण ठेवायचं काम टी आणि बी पेशींचं, बाकीच्या नुसत्या लढतात आणि मरतात. पण २०१२ साली नेदरलँड्समधल्या गटानं निरोगी माणसांना बीसीजी देऊन तीन महिन्यांनी त्यांच्या रक्तातल्या मोनोसाइट, म्हणजे आधी धावणाऱ्या पांढऱ्या पेशी तपासल्या, आणि क्षयाशी काही संबंध नसलेली बुरशी किंवा जंतू समोर ठेवले तरी त्या पेशी आधीपेक्षा जास्त टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ बीटा ही इशारा देणारी प्रथिनं सोडत होत्या. म्हणजे गजर जोरात वाजायला लागला. डीएनए तेच राहतं, पण ते ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेलं असतं त्यांच्यावर रासायनिक खुणा पडतात आणि ठराविक जनुकं पटकन उघडायला मोकळी होतात. जंतूच्या भिंतीचा तुकडा पेशीतल्या एनओडी-२ नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या प्रथिनाला लागतो, तिथून हे सुरू होतं. पण मोनोसाइट रक्तात जेमतेम काही दिवस जगते, मग महिनोन्‌महिने आठवण राहते कुठं? २०१८ मध्ये उंदरांवर दिसलं की ती हाडांच्या मगजात, रक्तपेशी जन्माला घालणाऱ्या मूळ पेशींत उतरते, आणि नंतर माणसांतही तशाच खुणा सापडल्या.

नवजात बाळात ह्याला जास्त महत्त्व आहे कारण त्याच्या टी पेशींना अजून कसलाच अनुभव नसतो, आईकडून नाळेतून आलेली अँटीबॉडी आणि ह्या उपजत पेशी एवढीच शिदोरी. २०२० च्या एका अभ्यासात बीसीजी दिलेली उंदरांची पिल्लं थोड्याच दिवसांत सेप्सिसमधून, म्हणजे अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गातून जास्त वाचली, कारण जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल ह्या पांढऱ्या पेशी भराभर वाढल्या, आणि मानवी बाळांच्या रक्तातही लशीनंतर ही वाढ दिसली. आपल्याकडं सहाव्या रात्री सटी जागवतात ती उगाच नाही, बाळ दगावायची भीती पहिल्या आठवड्यातच जास्त असायची, आणि ह्या न्यूट्रोफिलांची गडबडही नेमकी त्याच दिवसांतली.

जीव वाचतात का, हा खरा प्रश्न. स्वीडनच्या उत्तर भागात कार्ल नेस्लुंडनं १९३० च्या सुमारासच लिहून ठेवलं होतं की लस घेतलेली मुलं कमी मरतात, आणि नुसती क्षयानं नव्हे. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊत पीटर आबी ह्या डॅनिश संशोधकाच्या गटानं कमी वजनाच्या बाळांवर तीन चाचण्या केल्या, लगेच बीसीजी दिलेल्या बाळांत पहिल्या महिन्यातले मृत्यू एकत्रित हिशोबानं ३८ टक्के कमी. ऐकायला भारीच. पण चेन्नई आणि पुदुच्चेरीत २ किलोच्या आतल्या बाळांवर रशियन वाणाची (म्हणजे त्याच जंतूच्या वेगळ्या वंशाची, हिलाच मॉस्को वाण म्हणतात) बीसीजी वापरून बघितली तर मृत्यूत फरक पडला नाही, आणि डेन्मार्कमध्ये मुलांचं इस्पितळात भरती होणंही कमी झालं नाही. आफ्रिकेतला वाण डॅनिश होता, पुण्याच्या सीरमची लस मॉस्को वाणाची, चेन्नईतल्या गिंडीच्या सरकारी प्रयोगशाळेची डॅनिश, तेव्हा वाणाचा काही हात असू शकतो. कोविडच्या वेळी बीसीजी घ्या म्हणून जे फॉरवर्ड फिरले त्यांचा निकाल मात्र लागलाय, आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही.

व्यवहारात डोस असतो ०.०५ मिली, महिन्यानंतर ०.१ मिली, कातडीच्या आतच, सुई बरोबर गेली तर मसुराएवढा पांढरट फुगवटा येतो आणि थोड्या वेळानं बसतो. दोन-तीन आठवड्यांनी गाठ, मग ती फुटते, खपली धरते, वण राहतो. त्यावर हळद, खोबरेल, शेक काही नको. वण आलाच नाही तरी परत टोचायची गरज नाही. एका कुपीत दहा डोस, सलाइनमध्ये कालवली की चार तासांत वापरायची नाहीतर फेकायची, म्हणून लहान इस्पितळात एकट्या बाळासाठी कुपी फोडायला हात आखडतो आणि लस पुढच्या वारावर ढकलली जाते. पेडण्याला किंवा सत्तरीत परत जाणाऱ्या बाळंतिणीनं डिस्चार्जच्या कागदावर पोलिओचा झिरो डोस आणि हेपॅटायटिस बी सोबत बीसीजीची तारीखही पडलीय का ते तिथंच बघून घ्यावं, राहिली असेल तर वर्षाच्या आत कधीही मिळते, पण वर लिहिलेला फायदा बहुतेक सगळा लवकर दिलेल्या डोसाचा आहे.