जुन्या संगणकाला आवाज कसा मिळाला

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला आणि विंडोज ११ न चालणारे कितीतरी संगणक कार्यालयांत अडगळीत पडू लागले. असा संगणक एखाद्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला द्यावा असे मनात आले, की इतक्या जुन्या यंत्रावर त्याचे काय भागणार, ही शंकाही येते. तिचे उत्तर यंत्राच्या वेगापेक्षा त्याच्या आवाजाच्या इतिहासात अधिक सापडते.

विंडोजच्या आधीच्या 'डॉस' या संगणकप्रणालीच्या काळात पडद्यावर मुख्यतः अक्षरेच असत, त्यामुळे ती उचलून बोलून दाखवणे तुलनेने सोपे होते. मोटारसायकल शर्यतींत उतरणारे अमेरिकेचे टेड हेंटर यांची दृष्टी १९७८ मध्ये अपघातात गेली; पुढे ते प्रोग्रॅमिंग शिकले आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीने 'जॉज' हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, बाजारात आणला. मात्र विंडोज आले आणि अक्षरांच्या जागी चित्रे, बटणे, खिडक्या आल्या. पडद्यावर कुठे काय आहे, हे आता वाचकप्रणालीलाच शोधून काढावे लागे. जॉजने तेही साधले, पण त्याची किंमत हजार डॉलरच्या आसपास असल्याने दान मिळालेल्या संगणकापेक्षा त्यावरचा आवाजच महाग ठरे.

ही कोंडी फोडली ती ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने. त्याने २००६ मध्ये 'एनव्हीडीए' लिहायला घेतला, जेम्स टेह हा त्याचा दृष्टिहीन मित्र त्याला येऊन मिळाला आणि हा स्क्रीन रीडर सर्वांना मोफत, मुक्त स्रोत (मूळ कोड कोणालाही पाहता-बदलता येईल अशा) स्वरूपात मिळू लागला. तो पेनड्राइव्हवरूनही चालतो. त्याच्यासोबत येणारा 'ईस्पीक' हा आवाज माणसाच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण साठवून ठेवत नाही, गणिताने ध्वनी घडवतो. म्हणून त्याला अगदी थोडी जागा पुरते आणि जुना प्रोसेसरही त्याला सहज पेलतो. आवाज यांत्रिक आहे हे खरे, पण वेग खूप वाढवला तरी शब्द स्पष्ट राहतात, आणि सरावलेल्या वाचकाला तेच हवे असते. एनव्हीडीएच्या २०२४ पासूनच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत. तिथे आधीची आवृत्ती वापरावी लागते, किंवा लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली आणि तिच्यावरचा 'ऑर्का' हा स्क्रीन रीडर, हा पर्याय उरतो.

मॉनिटर बिघडला म्हणून संगणक भंगारात काढणाऱ्यांनी एवढे जरूर पहावे: दृष्टिहीन व्यक्तीचे बोट कळफलकावर एफ आणि जे या कळांवरचे बारीक उंचवटे शोधते, तिथून बाकीच्या कळांची जागा ठरते आणि उत्तर कानात येते. चालू कळफलक आणि हेडफोन असला, तर लेखनिकाची वाट न पाहता स्वतःचा अर्ज स्वतः लिहिता येतो.

मराठीत मात्र आणखी एक अडसर होता, आणि माझ्या मते तोच सर्वांत कमी बोलला गेला. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत, रुळण्यापूर्वीचे आपले बहुतेक टंक (फॉन्ट) दिसायला देवनागरी, पण आतून रोमन अक्षरांचे असत. कृतीदेव टंकात पडद्यावर 'राम' दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे जे, के, ई ही अक्षरे असतात आणि स्क्रीन रीडर तीच उच्चारतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे आणि ईस्पीक मराठीही बोलतो. तरी वर्षानुवर्षे मराठी पुस्तके, पत्रके, प्रश्नसंच जुन्या टंकांतच तयार होत राहिले, आणि डोळसांना सुबक दिसणारे पान दृष्टिहीन वाचकाच्या कानावर निरर्थक अक्षरांच्या रूपात पडत राहिले.

दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार माहिती सुगम स्वरूपात उपलब्ध करून देण्याची जबाबदारी शासनावर आहे. तरीही छापील कागद स्कॅन करून केलेल्या पीडीएफ आजही सर्रास फिरतात. चित्रातली अक्षरे ओळखून मजकुरात न बदललेली अशी फाइल उघडली, की दान मिळालेला संगणक असो वा कालच घेतलेला, स्क्रीन रीडरला त्या पानावर एकही अक्षर सापडत नाही.