शिडी घसरते ती वर पोहोचल्यावर

आमच्या सोसायटीला यंदा रंग लागतोय. दिवाळी झाल्यावर बांबूंचा ट्रक आला, काथ्याच्या दोराची भेंडोळी आली आणि आठवड्याभरात इमारतीभोवती परांची उभी राहिली. पहिल्याच दिवशी एक रंगारी पोर्चच्या छतावर जायला शिडी लावत होता. दोन पायऱ्या चढला, तिथेच जरा नाचून पाहिलं आणि "बसली" म्हणत वर निघाला. शिडी पक्की आहे का ते बघायची ही रीत आपण घरी माळ्यावरचं सामान काढतानाही वापरतो. गंमत अशी, की खालच्या पायरीवर नाचून शिडीबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही.

भिंतीला टेकलेल्या शिडीवर माणूस चढला की शिडीचा पाय बाहेर सरकू पाहतो. किती जोराने, याचा हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे. समजा शिडी ४ मीटर उंचीवर भिंतीला टेकली आहे, तिचा पाय भिंतीपासून २ मीटरवर आहे आणि चढणारा ७० किलोचा आहे. भिंत गुळगुळीत धरली आणि शिडीचं स्वतःचं वजन बाजूला ठेवलं, तर तो जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर असताना शिडीच्या पायावर बाहेरच्या दिशेने जेमतेम अडीच किलोचा जोर येतो. अर्ध्या उंचीवर तो साडेसतरा किलो होतो आणि टोकाला ३५ किलो. आता शिडीला धरून ठेवणारं घर्षण बघा. ते माणसाच्या एकूण वजनावर ठरतं, आणि माणूस खाली असो की वर, वजन तेवढंच. फरशीवर सिमेंटची बारीक धूळ असेल तर हे घर्षण वजनाच्या तीस टक्के, म्हणजे २१ किलो धरू. जोर वाढत जातो, पकड तेवढीच राहते. दोघांची गाठ पडते २.४ मीटर उंचीवर. तिथपर्यंत शिडी ढिम्म हलत नाही आणि तिथून पुढच्या पायरीला निघून जाते. चढणारा बिचारा सांगतो, "आत्तापर्यंत तर ठीक होती."

हीच शिडी जरा उभी करून पाय १ मीटरवर आणला, तर टोकाला पोहोचल्यावरही जोर साडेसतरा किलोच्या पुढे जात नाही. २१ किलोची पकड त्याला पुरते. उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर पाय ठेवा, हा जगभर सांगितला जाणारा नियम इथून आला. कोनात सांगायचं तर साधारण ७५ अंश. मोजपट्टी लागत नाही. शिडीच्या पायाला चवडे लावून ताठ उभं राहायचं आणि हात समोर सरळ करायचे. तळवे पायरीला आरामात टेकले की कोन बरोबर. याहून उभी केली तर मात्र माणूस शिडीसकट मागे उलटायची भीती.

खाली एकाला शिडी धरायला उभं करतात, त्याबद्दलही थोडं. नुसते हात लावून ठेवणारा मदतनीस मानसिक आधार देतो, बाकी फार काही नाही. तोच खालच्या पायरीवर उभा राहिला तर त्याचं वजन पायाशी येतं आणि घर्षण खरोखर वाढतं. पण शिडीचं वरचं टोक भिंतीवरून आडवं सरकू लागलं तर तोही काही करू शकत नाही. त्याला औषध एकच, वरचं टोक दोराने बांधणं. आणि शिडी जिथे उतरायचं त्या काठाच्या मीटरभर वर गेलेली हवी, कारण सगळ्यात जोखमीचा क्षण शिडीवरून छतावर पाय टाकण्याचा. त्या वेळी हाताला धरायला काहीतरी लागतं.

पण शिडी घसरली, तर माणसाकडे किती वेळ असतो?

पाय सुटल्याचं मेंदूला कळून हात हलायला लागेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. हात काहीतरी धरायला पोहोचेपर्यंत अर्धा. अर्ध्या सेकंदात आपण सव्वा मीटर खाली आलेले असतो आणि वेग ताशी १८ किलोमीटरच्या आसपास पोहोचलेला असतो. जी कड धरायची होती ती डोक्याच्या वर राहिली. तीन मीटरवरून, म्हणजे एका मजल्यावरून पडायला पाऊण सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो आणि जमिनीला लागताना वेग असतो ताशी २७-२८ किलोमीटर. बातम्यांमध्ये "तोल जाऊन पडला" असं लिहितात आणि वाचणाऱ्याच्या मनात नकळत येतं, सावध राहायला हवं होतं. मला हे वाक्य पटत नाही. तोल गेल्यानंतर दाखवायची सावधगिरी माणसाच्या शरीरात बसवलेलीच नाही. जे काही करायचं ते पाय सुटण्याच्या आधीच तिथे असायला हवं.

म्हणून कठडा. पण कठडा किती उंच हवा, यामागेही शरीराचं गणित आहे. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास असतो. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसात जमिनीपासून साधारण ९५ सेंटिमीटरवर. कठडा त्याच्या खाली असेल तर तो अडवत नाही, उलट टेकू होतो आणि माणूस त्यावरून पलीकडे फिरतो. अमेरिकेत बांधकामावर कठडा ४२ इंच, म्हणजे १०७ सेंटिमीटर सांगितलाय, तो याचसाठी. स्लॅबच्या कडेला गुडघ्याएवढ्या उंचीवर लाल-पांढरी पट्टी बांधतात ती फोटोत छान दिसते. कोणाला अडवायचं म्हटलं तर ती नसलेलीच बरी.

सगळ्यात जास्त फसवा असतो अर्धवट इमारतीतला जिना. शिडीची निदान भीती वाटते. जिना म्हणजे आपला रोजचा. जिना चढताना आपण पायाकडे बघत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत उंचीचा अंदाज घेतला की पाय पुढचं पाठ म्हणतात आणि पायरीच्या कडेवरून चवडा जातो तो अगदी थोड्या अंतराने. त्यामुळे एखादी पायरी दोन बोटं उंच किंवा बुटकी निघाली की पाय अडकतो नाहीतर हवेत पडतो. १६७५ साली फ्रान्सचे वास्तुविद फ्रान्स्वा ब्लोंदेल यांनी सूत्र मांडलं, की पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक तिची रुंदी म्हणजे चालणाऱ्याचं एक पाऊल भरलं पाहिजे. आजही जिने त्याच धर्तीवर आखतात. पण कच्च्या जिन्यात हे सूत्र हमखास मोडतं, ते पहिल्या आणि शेवटच्या पायरीला. मजल्यावर फरशी अजून बसायची असते, नाहीतर मजल्यावर बसलेली असते आणि जिन्यात नसते. मधल्या सगळ्या पायऱ्या सारख्या आणि टोकाची एक वेगळी. त्यातून डोक्यावर रेतीचं घमेलं घेऊन चढणाऱ्या बाईला मान खाली घालून बघताच येत नाही. पायरीवर सांडलेली रेती बुटाखाली गोट्यांसारखी फिरते. कठडा बसवायचा तो ग्रिलवाला येईल तेव्हा, आणि तो येतो सगळ्यात शेवटी. तोपर्यंत दोन बांबू आडवे बांधायला अर्धा तास लागत नाही.

आता परांची. बांबूला कमी लेखू नका. पोकळ नळी, ठराविक अंतरावर पेरं, वजनाला हलका. इतकी ताकद इतक्या कमी वजनात देणाऱ्या वस्तू थोड्याच. परांची पडते ती सहसा बांबू चिरडून नाही, तर उभा बांबू बाजूला वाकून. घरी करून बघा. खराट्याचा लांब हीर दोन्ही टोकांना धरून दाबा, लगेच धनुष्य होतं. त्याचाच बोटभर तुकडा दाबा, बोटाला टोचेल पण वाकणार नाही. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने याचा नियम काढला. आधाराशिवायची लांबी दुप्पट झाली, की वाकण्याआधी पेलवणारं वजन चौथाईवर येतं.

परांचीचे आडवे बांबू म्हणजे नुसत्या फळ्या ठेवायची जागा नाही, हे इथे लक्षात येतं. ते उभ्या बांबूच्या लांबीचे तुकडे पाडतात. दर दोन मीटरवर आडवा बांबू आहे; खिडकीची ग्रिल बसवणाऱ्याला मधला एक आडवा येतो, तो सोडतो, काम झालं की बांधायचं विसरतो. उभ्या बांबूचा तो भाग आता चार मीटरचा झाला. रंगाऱ्याला वरून काहीच फरक दिसत नाही, पण त्याच्या पायाखालच्या बांबूची ताकद पावच उरलेली असते. फळीचंही असंच. आधारांमधलं अंतर दुप्पट केलं तर तितक्याच वजनाखाली ती आठपट लवते. आणि फळीचं टोक आधाराबाहेर जास्त आलेलं असलं, फळी बांधलेली नसली, तर ती बागेतला सी-सॉ होते. यावर भारतीय मानक ब्यूरोचं आयएस ३६९६ हे मानक आहे, पहिला भाग परांचीसाठी (१९८७), दुसरा शिड्यांसाठी (१९९१). फळी कशी ठेवायची हे कोणी लिहूनच ठेवलेलं नाही, असं म्हणायची सोय नाही.

परांची उंच आणि अरुंद असते, स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाही. इमारत तिला धरून ठेवते. आपण इमारतीभोवती जे हिरवं कापड बांधतो ते धूळ आणि खडे अडवतं, माणूस अडवत नाही, आणि वाऱ्यात शिडासारखं फुगून परांचीला इमारतीपासून ओढतं. तेव्हा परांची कशाला बांधली आहे आणि ती गोष्ट स्वतः किती पक्की आहे, हा प्रश्न आलाच. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या विलो आयलंड इथे २७ एप्रिल १९७८ रोजी वीजकेंद्राच्या शीतक मनोऱ्याचं काम चालू होतं. परांची मनोऱ्याच्याच भिंतीला धरून, भिंत वाढेल तशी वर सरकायची. तिचा भार आला तो आदल्या दिवशी ओतलेल्या काँक्रीटवर. काँक्रीट थंडीत सावकाश घट्ट होतं. ते पुरेसं घट्ट व्हायच्या आत पुढचं काम सुरू झालं, वरचा थर सुटला आणि परांचीवरचे सगळे ५१ जण गेले.

पडणाऱ्याला झेलायची खरी जाळी वेगळी असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचं काम १९३३ मध्ये सुरू झालं तेव्हा मोठ्या पुलांवर दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक मृत्यू, असा हिशेब लोक सहज सांगायचे. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी १,३०,००० डॉलरहून जास्त खर्च करून पुलाच्या खाली जाळी टांगली. तिने १९ जणांना वाचवलं. या वाचलेल्यांनी आपल्या टोळीला नाव दिलं, नरकाच्या अर्ध्या वाटेवरचा क्लब! पण १७ फेब्रुवारी १९३७ रोजी कामगारांसकट अख्खी परांची सुटून जाळीवर कोसळली. जाळी माणसांच्या वजनाची होती, परांचीच्या नाही. ती फाटली आणि १० जण गेले.

उरला पट्टा. आमच्याकडच्या रंगाऱ्यांना ठेकेदाराने पट्टे दिलेत, खांद्यावरून आणि मांड्यांमधून जाणारे, हे मात्र चांगलं. नुसता कमरेचा पट्टा झटका बसला की पोटावर आणि मणक्यावर घाव घालतो. ७० किलोचा माणूस २ मीटर पडून १० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याच्यावर सरासरी दीड टनाचा जोर येतो. म्हणून चांगल्या पट्ट्याच्या दोरात घडी घालून शिवलेला एक तुकडा असतो. झटक्याने त्याची शिवण उसवत जाते आणि थांबायला मीटरभर मिळतो. तेवढ्यात जोर दोनशे किलोंच्या आसपास उतरतो. मात्र या उसवण्याला जागा लागते. २ मीटर दोर, उसवलेला तुकडा पावणेदोन मीटरपर्यंत, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर, वर मीटरभर मोकळी जागा. हूक पाठीच्या कडीच्या उंचीला असला तरी झाले सव्वासहा मीटर, म्हणजे दोन मजले. पहिल्या मजल्यावर काम करणाऱ्याचा असा पट्टा त्याला जमिनीवर आपटल्यानंतर थांबवेल. आणि अधांतरी थांबलेल्या माणसाला मिनिटांत खाली उतरवावं लागतं, कारण लोंबकळत्या पायांत रक्त साठत जातं.

परवा मी गॅलरीतून बघितलं, तिसऱ्या मजल्यावरच्या रंगाऱ्याचा हूक नेमका कुठे आहे. ज्या बांबूवर त्याची फळी होती, त्याच बांबूला. मुकादमाला खाली जाऊन विचारलं. तो ओशाळला. म्हणाला, "साहेब, वरून स्वतंत्र दोर सोडायचा होता, गच्चीवरच्या टाकीच्या कॉलमला बांधून. दोर आणलाय, तो बघा. गच्चीची किल्ली मागितली होती, सेक्रेटरीसाहेब गावाला गेलेत म्हणाले."

दुसरी किल्ली खजिनदारांकडे असते. दहा मिनिटांत मिळाली.