'देतो/देते'मधली तिरकी रेघ

तहसील कचेरीबाहेर मिळणारा प्रतिज्ञापत्राचा छापील नमुना हातात घ्या. 'मी खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो/देते की…' यातलं लागू नसेल ते खोडायचं. 'मी' बिचारा गप्प असतो, चहाडी करतं ते क्रियापद. त्यामुळे कायद्याच्या कागदावर कोणतं सर्वनाम असावं हा वाद इंग्रजीत 'ही' आणि 'शी'वर अडतो, तर मराठीत क्रियापदाच्या शेपटीवर जाऊन बसतो.

इंग्रजी कायद्यात 'ही' म्हणजे बाईसुद्धा, असं सरसकट धरायची सोय १८५० सालची. ब्रिटिश संसदेच्या त्या कायद्यामागे समतेचा विचार वगैरे काही नव्हता, कायद्यांची भाषा आटोपशीर करायची होती. तीच युक्ती इकडे आली. १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८ने 'ही' हे सर्वनाम स्त्री-पुरुष दोघांना लागू केलं. कायद्यांतले शब्द कसे वाचायचे ते सांगणाऱ्या १८९७च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या (जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट) कलम १३नेही पुल्लिंगी शब्दांत स्त्रिया धरल्या, मात्र 'विषय किंवा संदर्भ याच्याशी विसंगत नसेल तर' अशी पाचर मारून.

सगळं रामायण त्या पाचरीचं आहे. इंग्लंडमध्ये १८६८ साली बायकांनी मताचा हक्क मागितला, तेव्हा कायद्यातल्या 'मॅन'मध्ये त्या येत नाहीत असं कोर्टाने सांगितलं. कलकत्त्यात १९१६ साली रेजिना गुहा यांनी वकिलीसाठी अर्ज केला. त्या कायद्याच्या पदवीधर होत्या, १८७९च्या वकिलीविषयक कायद्यात बायकांना मनाई कुठे लिहिलेली नव्हती, तरी उच्च न्यायालयाने नकार दिला. म्हणजे चोरी केली तर 'ही'मध्ये बाई येते, सनद मागितली तर येत नाही! नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या होत्या, वकील म्हणून नाव नोंदवायला त्यांना जवळपास तीन दशकं थांबावं लागलं. अखेर १९२३ साली स्त्रियांसाठी वेगळा कायदाच करावा लागला. सर्वनामाच्या व्याख्येने जे व्हायला हवं होतं ते झालं नाही, हाच त्याचा अर्थ.

पुढचं वळण सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४च्या 'नालसा' (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यातल्या निकालाचं. त्यात तृतीयपंथीयांची ओळख मान्य झाली. २०१९च्या कायद्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र देण्याची तरतूद केली. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या व्याख्येत 'ही'खाली पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथी असे तिघं आले. सर्वनाम तेच राहिलं, त्याच्या छत्रीखालची माणसं वाढली. आपल्याकडच्या अर्जांवर लिंगाचा रकाना असतो, सर्वनामाचा नसतो. पण त्या रकान्यात तिसरी चौकट आली तरी 'देतो/देते'च्या तिरक्या रेघेला बाजू दोनच.

गंमत अशी की आपल्या दस्तलेखकांच्या भाषेत वाट होतीच. जुन्या कागदांत 'रामा बिन भिवा', 'सखुबाई कोम रामा' असं लिहीत. पुरुष बापाचा आणि बाई नवऱ्याची, हे नावातच उरकलेलं. त्याचं गुणगान करण्यासारखं काही नाही. पण खरेदीखतातले 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' पाहा: हे शब्द बाईला, बुवाला, कुणालाही जसेच्या तसे चालतात. 'राहणार' तसाच. 'आम्ही लिहून देतो' यातही कोण लिहून देतं ते कळत नाही, कारण अनेकवचनात हे रूप सगळ्यांचं एकच. 'रक्कम मिळाली', 'ताबा दिला' इथे क्रियापद रकमेमागे आणि ताब्यामागे जातं, माणसाचं लिंग त्याच्या खिजगणतीतही नसतं. 'त्यांनी अर्ज केला' हेही तसंच. तेव्हा नमुन्यात सर्वनामाचा नवा रकाना घालण्यापेक्षा 'माझे सत्यप्रतिज्ञेवर कथन की' असं छापलं तर खोडायला काही उरतच नाही, असं मला वाटतं.

माझ्या आत्याच्या वारसाच्या प्रतिज्ञापत्रात टंकलेखकाने घाईत 'देतो' तसाच ठेवला होता. सहीच्या वेळी तिच्या लक्षात आलं. 'असू दे,' ती म्हणाली, 'जमीन तरी माझ्या नावावर लागतेय ना?' आणि मोडीच्या वळणाची सही ठोकून उठली.